खानदेशच्या शहरांतील देशी वृक्षारोपण : एका प्रश्नाचा आढावा

जळगाव आणि धुळे या दोन शहरांत पावसाळ्याच्या तोंडावर कुदळी, घमेली आणि रोपांच्या पिशव्या घेऊन बाहेर पडणाऱ्या स्वयंसेवकांची संख्या वाढत चालली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण या कार्याभोवती जो वाद उभा राहिला आहे, तो केवळ उत्साहाने सुटण्याजोगा नाही. पूर्वी प्रश्न एवढाच असे, की यंदा झाडे किती लावावयाची. आता झाड कोणते, कोणत्या जमिनीत, आणि लावल्यावर ते सांभाळावयाचे कोणी, असे तीन प्रश्न त्याच्या जागी आले आहेत. या प्रश्नांवर वनस्पतिशास्त्रज्ञ, महानगरपालिकेचा कारभार पाहणारे अधिकारी, निसर्गप्रेमी मंडळे आणि मेंढपाळ यांचे अभिप्राय एकमेकांशी जुळत नाहीत. ते सर्व एकत्र मांडून वाद तूर्त कोठवर आला आहे, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

भूमी आणि हवामान

कोणत्याही मताचा विचार करण्यापूर्वी खानदेशची प्रकृती ध्यानात घेतली पाहिजे. कारण पुण्या-मुंबईच्या अनुभवावर आधारलेली पुष्कळशी मते येथे आल्यावर अपुरी पडतात. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगा, मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारी तापी, आणि तिला येऊन मिळणाऱ्या वाघूर, गिरणा, पांझरा या नद्या, असा हा प्रदेश आहे. तापीकाठी खोल काळी जमीन, तर धुळ्याच्या दक्षिणेस लळिंगच्या बाजूला मुरमाड, उथळ, खडकाळ माळ. सखल भागात वर्षाचा पाऊस सर्वसाधारणपणे 500 ते 750 मिलिमीटर, तोही चार महिन्यांत उरकणारा; आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडील पारा 45 अंशांच्या पलीकडे जातो. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, त्या भेगांत कोवळी मुळे तुटतात. मुरमात पाणी ठरत नाही. जुलैत हिरवेगार दिसणारे रोप पुढच्या मे महिन्यात जागेवर सापडेलच, अशी खात्री या प्रदेशात कोणालाही देता येत नाही.

या हवामानाशी जमवून घेतलेली झाडे येथे फार पूर्वीपासून आहेत. सातपुड्याच्या कोरड्या उतारांवरील अंजन आणि सालई ही तर या भूभागाची ओळखच म्हणता येईल. त्यांच्या जोडीला पळस, खैर, धावडा, हिवर, बाभूळ, हिंगणबेट, बोर, शमी, मोह, चारोळी, टेंभुर्णी, बहावा, आपटा. ओढ्याकाठी अर्जुन, करंज, उंबर. आणि गावठाणात निंब, वड, पिंपळ. यांपैकी बहुतेक झाडे उन्हाळ्याच्या आधी पाने टाकतात किंवा मुळे खोल नेऊन पाण्याशी नाते जोडतात. मेहरूणच्या बोरांचे उदाहरण मुद्दाम नमूद करण्याजोगे आहे. जळगावच्या मेहरूण शिवाराचे नाव धारण करणारा बोराचा हा वाण फलोद्यानशास्त्राच्या ग्रंथांतही स्वतंत्र जात म्हणून गणला जातो. ज्या शिवारात तो नावारूपास आला, तेथे शहर पसरत गेले आहे. आपल्या गावाच्या नावाचे झाड आपल्याच उद्यानांत लावावे, ही कल्पना मला या सर्व खटाटोपातील अत्यंत सार्थ कल्पनांपैकी एक वाटते.

पूर्वपीठिका

वृक्षरक्षणाची जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, अशी ताकीद आढळते. 1818 नंतर खानदेशात कंपनी सरकारचा अंमल बसला, कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले. पुढे 1878 च्या वन कायद्याने जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि झाड ही सरकारी दप्तरातील नोंदीची वस्तू झाली. स्वातंत्र्यानंतर 1950 साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. 1969 पासून राष्ट्रीय सेवा योजनेची महाविद्यालयीन शिबिरे झाडे लावू लागली. 1982 मध्ये राज्यात सामाजिक वनीकरणाचे स्वतंत्र खाते निघाले. स्वच्छतेच्या बाजूने पाहता, गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन घालून दिलेला धडा महाराष्ट्राच्या स्मरणात होताच; 2000 नंतर त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान निघाले आणि 2014 मध्ये स्वच्छ भारत अभियान आले.

वादाला खरे तोंड फुटले ते मोठ्या उद्दिष्टांच्या काळात. राज्य सरकारने 2016 साली 2 कोटी, 2017 साली 4 कोटी, 2018 साली 13 कोटी आणि 2019 साली 33 कोटी, अशी वृक्षलागवडीची चढती उद्दिष्टे जाहीर केली. या मोहिमांनी शाळा, कचेऱ्या आणि मंडळे यांना एकत्र आणले, हे त्यांचे श्रेय मान्य केले पाहिजे. तथापि त्यांतील किती रोपे जगली, यावर पुढे इतकी चर्चा झाली, की 2021 मध्ये चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची तजवीज करावी लागली. तेव्हापासून सामान्य स्वयंसेवकही लावलेल्या झाडांपेक्षा जगलेल्या झाडांविषयी बोलू लागला, आणि हा बदल मला कोणत्याही उद्दिष्टापेक्षा मोलाचा वाटतो.

झाड कोणते?

पहिले मत सावलीला अग्रक्रम देणाऱ्यांचे आहे. शहर तापते आहे, रस्त्यावरच्या हमालाला, भाजीवालीला आणि शाळकरी मुलाला छाया आज हवी आहे. गुलमोहर मादागास्करचा, पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेचा आणि काशीद आग्नेय आशियातला असला, तरी ही झाडे लवकर वाढतात, रोपवाटिकेत सहज मिळतात आणि जनावरांच्या तोंडून बहुधा वाचतात. मग त्यांना परकेपणाचा दोष कशासाठी द्यावा, असा त्यांचा युक्तिवाद आहे. उद्यान खात्यांतील जुन्या कर्मचाऱ्यांना हे मत पटते, आणि त्यामागे त्यांचा अनुभव असल्यामुळे ते उडवून लावणे न्याय्य होणार नाही. गुलमोहराची उथळ मुळे आणि वादळात मोडणाऱ्या फांद्या हा या पक्षाचा दुबळा भाग होय.

दुसरे मत देशी वृक्षांच्या पुरस्कर्त्यांचे. पुण्यातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक श्री. द. महाजन यांनी आपल्या ग्रंथांतून आणि व्याख्यानांतून देशी आणि विदेशी वृक्षांची ओळख मराठी वाचकाला करून दिली. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई या उपक्रमाने हा विचार गावोगाव नेला आणि फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळ पालवणच्या डोंगरावर वृक्षसंमेलनही भरविले. या पक्षाचे म्हणणे असे, की झाडाकडे एकटे पाहता येत नाही. उंबराच्या फळात वाढणारी चिमुकली गांधीलमाशी, त्या फळावर येणारे हरियाल आणि वटवाघळे, पळसाच्या फुलांवर फाल्गुनात झुंबड करणाऱ्या मैना आणि सूर्यपक्षी, यांचा संबंध सहस्रावधी वर्षांच्या सहवासातून घडलेला आहे. गिरिपुष्पाचे किंवा सुबाभळीचे दाट रान उभे राहिले, तरी हा संबंध तेथे उभा राहत नाही. पुण्याच्या टेकड्यांवर वन खात्याने लावलेल्या गिरिपुष्पाखाली दुसरे फारसे काही वाढत नाही, असे पाहून तेथील स्वयंसेवकांनी त्याच्या जागी देशी झाडे आणण्याचे काम हाती घेतले. खानदेशातील मंडळांनी हा अनुभव समोर ठेवावा, इतका तो बोधप्रद आहे.

परंतु देशीची हद्द कोठे आखावयाची, यावर या पक्षातही एकवाक्यता नाही. चिंच मुळात आफ्रिकेची, गोरखचिंचही तेथलीच, सीताफळ अमेरिकेचे; निंबाचे मूळ ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात असावे, असे काही शास्त्रज्ञ मानतात. चिंच आणि निंब यांना खानदेशच्या गावातून हद्दपार करा, असे कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाही. उलट भारतात उगवते एवढ्यावरून सप्तपर्णी किंवा कोकणातील सुरंगी जळगावच्या उन्हात आणून लावणे, हेही देशीपणाच्या नावाखाली झालेले परकेपणच होय. माझ्या मते देश किंवा राज्य यांच्या सीमा येथे उपयोगी नाहीत. तापीच्या खोऱ्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, कोणाच्या मदतीशिवाय जे उगवते आणि वाढते, तेच प्रमाण मानावे, आणि चिंच-निंबासारख्या शतकानुशतके येथे नांदलेल्या झाडांना त्यात सन्मानाने सामावून घ्यावे.

देशी झाडांच्या बाबतीत एक व्यावहारिक अडचण आहे, आणि तिची चर्चा व्हावी तितकी होत नाही. अंजनाचे सोटमूळ शेंडा वर येण्याआधीच खोल जाऊ लागते. लहान पिशवीत ते वळते, आणि असे रोप माळावर नेऊन लावले, तर बहुधा टिकत नाही. त्यासाठी पावसाच्या आरंभी जागेवरच बी टोचणे अधिक श्रेयस्कर ठरते. निंबाच्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच मंदावते, म्हणून निंबोळी पडताच ती पेरली पाहिजे. सालई आणि पांगारा यांच्या जाड फांद्या रोवूनही झाड धरते. पळसाला गुरे सहसा तोंड लावीत नाहीत आणि वणव्यानंतरही तो फुटतो. हे ज्ञान सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि तडवी कुटुंबांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. शहरातील मंडळाने जुलैमध्ये रोपवाटिकेत जाऊन मिळेल ते उचलण्याऐवजी आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात बियाणे गोळा करण्यास आरंभ केला, तर निम्मी अडचण तेथेच दूर होईल.

घनवन की माळरान?

तिसरा पक्ष घनवनाचा. जपानचे वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी (1928–2021) यांच्या पद्धतीत जमीन खोल खणून, तीत सेंद्रिय द्रव्य मिसळून, चौरस मीटरला तीन-चार रोपे दाट लावली जातात आणि पहिली दोन-तीन वर्षे त्यांना पाणी दिले जाते. जागा थोडी, परिणाम त्वरित, आणि देणगीदाराला दाखविता येण्याजोगा. त्यामुळे शहरांतील संस्थांना आणि कारखान्यांना ही पद्धत रुचली. आक्षेप असा, की जपानच्या बाराही महिने ओलाव्याच्या अरण्यासाठी जी रीत शोधली गेली, ती 600 मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात चालविण्यास खर्च आणि पाणी दोन्ही फार लागतात, आणि येथील मूळचे कोरडे वन कधीही इतके दाट नव्हते. उद्यानाच्या एका कोपऱ्यात प्रयोग म्हणून घनवन असण्यास माझी हरकत नाही. ते संपूर्ण शहराचे धोरण व्हावे, असे मात्र मला वाटत नाही.

चौथा पक्ष म्हणतो, की सर्वच मोकळ्या जमिनीवर झाडे लावू नका. प्रकाश गोळे यांनी 1982 मध्ये पुण्यात इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन करून निसर्गाच्या पुनरुज्जीवनाचा जो विचार मांडला, त्यात जमिनीला संरक्षण द्यावे आणि तिचे तिला सावरू द्यावे, या तत्त्वाला मोठे स्थान होते. धुळ्याजवळचे लळिंग कुरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पवन्या, कुसळी यांसारख्या गवतांचे माळ सरकारी नोंदीत पडीक म्हणून लिहिले गेले असले, तरी ते लांडगा, कोल्हा, ससा आणि चंडोल-माळटिटवीसारख्या पक्ष्यांचे घर आहेत, आणि गवताच्या मुळांतही कार्बन साठून राहतो. शिवाय साक्री भागातील ठेलारी मेंढपाळांची उपजीविका याच माळांवर चालते. झाडे लावली, की कुंपण येते. कुंपण आले, की चराई बंद होते. वृक्षारोपणाचा उत्साह आणि मेंढपाळाचा हक्क यांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न धुळे जिल्ह्यात आजही तसाच उभा आहे, आणि वृक्षप्रेमी मंडळांच्या सभांत मेंढपाळाला बोलावण्याची प्रथा अद्याप पडलेली नाही.

याच साक्री तालुक्यात मात्र एक असे गाव आहे, की ज्याने या वादाला कृतीने उत्तर दिले. बारीपाडा येथे चैत्राम पवार आणि त्यांच्या ग्रामस्थांनी 1990 नंतरच्या काळात उजाड झालेल्या वनाला तोडबंदी, चराईचे नियम, दंड आणि गावाने नेमलेली राखण यांच्या जोरावर पुन्हा उभे केले. सुमारे 1100 एकरांचे ते रान मुख्यतः लावलेले नाही, ते राखलेले आहे. त्यामुळे गावाच्या विहिरींना पाणी आले आणि तेथील वनभाज्यांची स्पर्धा दूरवर प्रसिद्ध झाली. 2025 मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. शहरातील उद्यानाला बारीपाड्याचे नियम जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण तेथे सर्वांचे हित एकाच रानात गुंतलेले आहे. तरी नियम आधी ठरवावेत, झाडे मागाहून लावावीत, एवढा क्रम तेथून निश्चित घेता येईल.

स्वच्छतेचा प्रश्न

उद्यान आणि तलाव यांच्या सफाईसंबंधी फारसा मतभेद नसेल, असे वरवर वाटते. मेहरूण तलावात गणेशविसर्जन होते, आणि काठावर निर्माल्य वेगळे घेण्याचे काम स्वयंसेवक करतात. 2018 च्या प्लास्टिकबंदीनंतरही उद्यानांतून पिशव्या, पाण्याच्या बाटल्या आणि गुटख्याच्या पुड्या पोत्यांनी निघतात. महाराष्ट्र निसर्ग उद्यान हे मुंबईतील उदाहरण येथे धीर देणारे आहे. धारावीलगत 1977 पर्यंत जेथे शहराचा कचरा टाकला जात होता, त्या 37 एकरांवर 1983 मध्ये पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या हस्ते पहिले झाड लागले, 1994 मध्ये उद्यान खुले झाले, आणि आज तेथे पक्षी व फुलपाखरे यांनी भरलेली वनराई आहे.

पण सफाई म्हणजे नेमके काय उचलावयाचे, यावर मात्र मतभेद आहे. पालापाचोळा हा कचरा समजून गोळा केला जातो आणि कित्येकदा पेटवूनही दिला जातो. वस्तुतः खानदेशच्या उन्हात झाडाच्या बुंध्याशी अंथरलेला पाचोळा हेच त्याचे पांघरूण असते. उद्यान चकचकीत दिसावे अशी नागरिकांची इच्छा आणि जमीन झाकलेली राहावी अशी झाडाची गरज, या दोहोंत आज नागरिकांची इच्छा वरचढ ठरते. तोच प्रकार तणांचा. गाजरगवत काढावे, यावर सर्वांचे एकमत. परंतु वेडी बाभूळ आणि घाणेरी एका दमात उपटून टाकाव्यात, की त्यांच्या आडोशाने देशी रोपे वाढवून त्या क्रमाने काढाव्यात, यावर अनुभवी लोकही दोन बाजूंना आहेत. वेड्या बाभळीचे सरपण गोळा करणाऱ्या बाईचे काय, हा प्रश्नही त्यातच येतो.

आणखी एक आक्षेप सफाई कामगारांच्या बाजूने येतो. सुशिक्षितांनी एक रविवार झाडू हाती घेतला, तर त्याची छायाचित्रे छापून येतात. जे रोज हे काम करतात, त्यांना हातमोजे आणि वेळेवर पगार मिळत नाही. स्वयंसेवकाने महानगरपालिकेची जबाबदारी हलकी करू नये, तर तिच्याकडे अधिक नेटाने मागणी करावी, असे हे मत आहे, आणि त्यातील न्याय मला मान्य आहे.

कायदा आणि कारभार

महाराष्ट्रात नागरी क्षेत्रांतील झाडांसाठी 1975 चा वृक्षसंरक्षण व जतन अधिनियम आहे. त्यान्वये वृक्ष प्राधिकरण नेमावे लागते, ठराविक मुदतीने वृक्षगणना करावी लागते, आणि परवानगीवाचून झाड तोडणे गुन्हा ठरतो. मालमत्ता कराबरोबर वृक्षकर घेण्याचीही तरतूद आहे. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडास वारसावृक्षाचा दर्जा दिला, आणि असे झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी झाडे लावण्याचे बंधन घातले. जळगाव आणि धुळे ही दोन्ही शहरे 2003 पासून महानगरपालिका आहेत, म्हणजे हा सर्व कायदा तेथे लागू आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर महामार्गांच्या रुंदीकरणात जी जुनी निंब-वडाची झाडे गेली, त्यांच्या भरपाईचा हिशेब लोक आजही विचारतात, यावरून कायदा कागदावर पुरेसा असूनही अंमलबजावणीत कोठे उणा पडतो, ते कळते.

खासगी संस्थांनी उद्याने विकसित करण्याची पद्धत जळगावात रुजली आहे. महात्मा गांधी उद्यान आणि भाऊंचे उद्यान यांमागे उद्योजक भवरलाल जैन यांच्या परिवाराची संस्था उभी आहे. याच परिवाराच्या जैन हिल्सच्या आणि जळगावच्या विद्यापीठाच्या बांभोरीकडील उजाड टेकड्याही पाणी अडवून आणि झाडे जगवून हिरव्या झालेल्या दिसतात. ठिबक सिंचनाचे जे तंत्र जळगावने देशभर नेले, त्याचा येथे उपयोग झाला. अशा उद्यानांची देखभाल चांगली होते, हे निर्विवाद. मात्र सार्वजनिक जागेचे अंतिम उत्तरदायित्व कोणाकडे राहावे, आणि देणगीदार मागे हटल्यास काय, याविषयी मतभेद आहेत आणि ते लवकर मिटतील असे दिसत नाही.

अद्याप अनिर्णित

सर्वांत कठीण प्रश्न पाण्याचा. ज्या शहरांत घराच्या नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे रोपांसाठी टँकर मागताना स्वयंसेवकाला संकोच वाटतो, आणि तो वाटणे स्वाभाविक आहे. सांडपाणी शुद्ध करून उद्यानांना द्यावे, मडके पुरून झिरपते पाणी द्यावे, आळ्यात पाचोळा भरावा, असे उपाय सुचविले जातात. पैकी मडके आणि पाचोळा यांना पैसा जवळजवळ लागत नाही, म्हणून आरंभ तेथूनच व्हावा. दुसरा प्रश्न नोंदींचा. कोणत्या जागी, कोणत्या जातीचे, कोणी लावलेले झाड तीन उन्हाळे काढून उभे आहे, याची खुली नोंदवही या दोन शहरांत असती, तर वर मांडलेल्या मतांपैकी कित्येकांचा निवाडा वादाऐवजी पुराव्याने झाला असता. अंजन बी टोचून अधिक जगतो की रोपाने, घनवनाला किती पाणी लागले, कुंपणावाचून पळस कितपत टिकला, हे कळण्यास दुसरा मार्ग नाही.

म्हणून येत्या जून महिन्यात जे झाड लावण्यास निघतील, त्यांस विनंती आहे, की रोपाबरोबर एक वही न्यावी. तीत झाडाचे नाव, जागा, तारीख आणि पाणी घालण्याची जबाबदारी घेतलेल्या मनुष्याचे नाव लिहावे, दर वर्षी मे अखेरीस तेथे जाऊन जे दिसेल ते, मेलेले झाडसुद्धा, प्रामाणिकपणे नोंदवावे, आणि तिची एक प्रत महानगरपालिकेच्या उद्यान खात्यात दाखल करून पोच घ्यावी.